एक बूट कमी

परत आल्यापासून साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळातल्या प्रत्येकीने मला एकच प्रश्न विचारला आहे. "पण तिथे आहे काय?" पहिल्या दोघींना मी समुद्र, पक्षी, कडे वगैरे सांगितलं. तिसरीला मात्र सरळ सांगून टाकलं, "काही नाही. दुकान नाही, हॉटेल नाही, संडास नाही, माणूस नाही. म्हणूनच गेले होते." तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की पुढच्या हळदीकुंकवाला आपला विषय निघणार हे मला तिथेच कळलं. निघू दे. चर्चा अर्धवट माहितीवर होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं आहे.

साउथहॅम्प्टन

मी सासष्ट वर्षांची आहे. मूळची कऱ्हाडची. मिरजेला डॉक्टर झाले आणि नवऱ्यापाठोपाठ इकडे आले. इथल्या हॉस्पिटलांत जवळजवळ तीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्याच घरात एकटी राहते आहे आणि मजेत राहते आहे. मागच्या अंगणातल्या काचेच्या खोलीत मेथी आणि कोथिंबीर येते, रेडिओ मला हवा तेवढा मोठ्याने लावता येतो आणि रात्रीच्या जेवणाला नुसता दहीभात केला तर कुणी तोंड वाकडं करत नाही.

२००६च्या फेब्रुवारीत मागच्या दाराच्या पायरीवर बर्फावरून पाय सटकला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. सकाळी पडले. दुपारी शेजारीण कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आली, तेव्हा मी तिला दिसले. खुबा बदलला. इथे अशा माणसाला घरी सोडण्याआधी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नेतात आणि एक कप चहा करून दाखवायला सांगतात. किटली उचलता येते का, दूध सांडतं का, शेगडी बंद करायची आठवण राहते का, ते एक मुलगी कोपऱ्यात उभी राहून बघते. मी माझ्या पद्धतीने चहा केला. मुलाकडून मागवून ठेवलेलं आलं ठेचलं, पातेल्यात पाणी उकळलं, दूध घातलं, पुन्हा उकळी आणली, गाळला. त्या मुलीला पिशवी पाण्यात बुडवण्यापलीकडचा चहा माहीत नव्हता. ती घाबरून दोनदा पुढे आली आणि शेवटी तिने मला पास केलं.

माझा मुलगा निखिल मात्र पास करायला तयार नव्हता. निखिल चौतिशीचा आहे, केंब्रिजला संशोधन करतो, इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत खुर्ची पुरुष असते आणि बूट बाई. माझ्यावर त्याचा फार जीव आहे, आणि जीव असलेल्या माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड जातं. त्याने केंब्रिजच्या त्याच्या घरात खालची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. एवढंच नाही, तर माझं घर विकलं तर किती किमतीला जाईल हे बघायला त्याने एका एजंटला बोलावलंसुद्धा. मला हे एजंटच्या पत्रावरून कळलं.

मे महिन्यात तो आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ठिणगी पडलीच.

"आई, बी रीझनेबल. तुझी घर खूप मोठा आहे. परत पडलीस तर?"

"तर परत उठेन."

"तू उठली नव्हतीस."

हे खरं होतं, आणि असं खरं कुणी तोंडावर सांगितलं की माझा पारा चढतो. तो बिचारा समजुतीच्या सुरात म्हणाला, आधी कुठेतरी हॉलिडेला जाऊ, तू म्हणशील तिथे, मग शांतपणे बोलू. त्याला वाटलं मी एखाद्या तळ्याकाठचं हॉटेल सांगेन. मी उठले, त्याच्या गाडीतला रस्त्यांचा नकाशा आणला, अगदी शेवटच्या पानावर गेले आणि स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर, निळ्या रंगात एक ठिपका होता, त्यावर बोट ठेवलं.

"इथे. या बेटावर मी जाऊन येईन. माझ्या पायांनी, कुणाचीही मदत न घेता. आले तर त्या एजंटला नाही म्हणून कळवायचं. नाही जमलं तर सप्टेंबरात केंब्रिजला येते."

निखिल हसला आणि हात पुढे करून म्हणाला, "डील." बोट ठेवेपर्यंत त्या ठिपक्याचं नावही मी वाचलं नव्हतं. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि गेलेला शब्द गिळणं माझ्या स्वभावात नाही.

इन्व्हरनेसच्या वर

विमान, विमानतळ आणि भाड्याच्या गाडीचे सोपस्कार गाळते. खरा प्रवास इन्व्हरनेस मागे पडल्यावर सुरू होतो. हळूहळू गावं विरळ होतात, मग झाडं. मग रस्ता एकेरी होतो, म्हणजे खरोखर एकाच गाडीपुरता. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला बाजूला फुगवटा दिलेला असतो. समोरून गाडी आली, की ज्याला फुगवटा जवळ त्याने त्यात शिरून थांबायचं आणि दुसऱ्याने जाता जाता स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. एवढेच आभार. दिवसभरात कुणी हॉर्न वाजवला नाही. आमच्या कुंभार्ली घाटात असा रस्ता असता, तर दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत बसले असते.

आजूबाजूला नुसती दलदल. तपकिरी पाण्याची डबकी आणि त्यांच्यात वाऱ्यावर हलणारं पांढऱ्या कापसासारखं गवत. डोंगर रांगेने येत नाहीत, एकेकटे उभे राहतात, कुणाशी संबंध नसल्यासारखे. मला ते फार आवडले. निखिल मात्र मधूनमधून आरशातून माझ्याकडे बघत होता. खुबा दुखतोय का, थांबूया का, पाणी हवंय का. दुखत होता. मी नाही म्हणाले.

संध्याकाळी रस्ता एका चढावर गेला आणि समोर एकदम समुद्र आला. मी कोकणातला समुद्र पाहिला आहे, साउथहॅम्प्टनचा तर रोजच बघते. तो बंदरातला समुद्र, मोठमोठ्या जहाजांच्या मागे दबून राहिलेला. हा तसा नव्हता. काळे उभे कडे, त्यांच्या पायाशी पांढरा फेस, आणि लांबवर वर हिरवं, खाली काळं असं ते बेट. त्याला गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं नाव आहे. मी ते तीन दिवस म्हणायचा प्रयत्न केला आणि तिन्ही दिवस तिथले लोक हसले, म्हणून इथे लिहीत नाही.

जेसीचं घर

आम्ही जिच्याकडे उतरलो ती जेसी सत्तरीची, उंच, काटक बाई. एकटीच राहते, दोन खोल्या पाहुण्यांना देते. तिची आई त्याच बेटावर जन्मली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तिथल्या उरल्यासुरल्या सगळ्यांनी एकदमच बेट सोडलं. तरुण पोरं शहरांकडे निघून गेली होती, आणि होडी पाण्यातून ओढून वर घ्यायला लागणारे हातच पुरेनात. तेव्हापासून तिथे फक्त मेंढ्या असतात. जेसीचा चुलत भाऊ इयन कधीमधी आपल्या बोटीतून माणसांना तिकडे नेतो.

दारात मी बूट काढले. जेसी म्हणाली, "अहो, राहू द्या, इथे कुणी काढत नाही."

"मी काढते," मी म्हटलं.

हा माझा इथल्या देशाशी जुना वाद आहे. बाहेरची घाण घेऊन लोक गालिचावर, पलंगावरसुद्धा चढतात. माझ्या घरात गॅसवाला, नळवाला, दारोदार देवाची पत्रकं वाटणारे दोन सज्जन आणि एकदा एक पोलीस, अशा सगळ्यांना मी उंबऱ्यापाशी बूट काढायला लावले आहेत. निखिल लहानपणी या एका गोष्टीपायी मित्रांना घरी आणायला लाजायचा. आताही तो जेसीकडे बघून ओशाळं हसला आणि माझ्या शेजारी बूट ठेवून मोकळा झाला.

सकाळी जेसीने ओटची लापशी दिली, मीठ घातलेली. निखिलने साखर मागितली, तेव्हा तिने साखरेचं भांडं त्याच्यासमोर ठेवलं आणि तोंड फिरवलं. मला ती आपल्या मऊ भातासारखी लागली. मी पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि वर भुरभुरली. जेसीने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली, खोकली, पाणी प्याली, आणि मला म्हणाली की हे औषध असणार.

तो रविवार होता. समुद्र आरशासारखा शांत होता. आणि बोट नव्हती. रविवार देवाचा, म्हणून इयन बोट काढत नाही, जेसी दोरीवर कपडे वाळत घालत नाही, शनिवारी संध्याकाळीच सगळी दोरी रिकामी करून ठेवते. निखिल इयनला विनवून आला. इयन म्हणाला, नाही. परत येऊन तो माझ्याशी कुरकुरला, "आई, देवाला काय फरक पडतो? उद्याची फोरकास्ट वाईट आहे. लाटा मोठा असणार."

"आपल्याकडे शनिवारी नखं कापत नाहीत, तेव्हा देवाला काय फरक पडतो?" मी म्हटलं. मी स्वतः कुठल्याही वारी नखं कापते. पण एखाद्या माणसाने 'आज नाही' असं शांतपणे म्हणावं आणि समोरच्याने कितीही पटवलं तरी हलू नये, हे मला बरं वाटलं. मी जेसीबरोबर दिवसभर खिडकीशी बसून राहिले.

संध्याकाळी निखिल माझ्या शेजारी येऊन बसला. "उद्या नाही गेलो तर चालेल, हं. मी त्याला हरणं म्हणणार नाही. आपण घरी जाऊ आणि बोलू."

त्याच्या आवाजात खरी माया होती. म्हणूनच मला जास्त राग आला. हरणं म्हणणार नाही, म्हणजे जिंकणंही म्हणणार नाही, आणि घरी जाऊन बोलणं म्हणजे तीच रंगवलेली खोली. मी म्हटलं, "उद्या."

बेट

सोमवारी सकाळी आभाळ उतरलेलं होतं आणि पाणी हलायला लागलं होतं. धक्क्यावर इयनने माझी चाल पाहिली आणि विचारलं, "नवा खुबा?"

"फेब्रुवारीतला."

"माझा गुडघा नवा आहे," तो म्हणाला आणि हात पुढे केला. मी हात मागे घेतला. मदत नको, अशी अट आहे, म्हणून सांगितलं. तो तसाच हात पुढे करून उभा राहिला. "माझ्या बोटीत चढताना सगळे माझा हात धरतात. आमचे पाद्रीसुद्धा धरतात. नाही धरायचा तर इथेच थांबा."

मी निखिलकडे पाहिलं. तो मोठ्या मनाने म्हणाला, "ओके, हा हात मोजायचा नाही." मला त्या मोठ्या मनाचाही राग आला, पण हात धरला. जेसी मागोमाग उडी मारून चढली. आपल्या मेंढ्या बघायच्या आहेत असं ती म्हणाली, पण मला वाटतं तिला माझी गंमत बघायची होती.

बेटावर उतरायला धक्का नाही. कड्याला एक चीर आहे, तिच्यात खडकातच पायऱ्या खोदल्या आहेत आणि कडेला गंजकी साखळी. बोट वर जायची, खाली यायची. ती वर आली की पाय टाकायचा. मी टाकला. साखळी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत वर चढले. निखिल माझ्या मागे हात पसरून येत होता. वर पोहोचल्यावर मी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

वर काय आहे, हे आता नीट सांगते. इतकं दाट गवत, की पाय रुतत होता. कडेकडेने गुलाबी फुलांचे गेंद. आणि वारा असा, की बोललेला शब्द तोंडाबाहेर पडताच चोरीला जायचा. पांढऱ्या, काळ्या टोपीच्या छोट्या पक्ष्यांनी जमिनीवर अंडी घातली होती आणि ते आमच्यावर तुटून पडले. ते म्हणे सगळ्यात उंच डोक्यावर हल्ला करतात. निखिल सहा फुटांच्या वर आहे. मी त्याच्या खांद्यालाही लागत नाही. तो जेसीने दिलेली काठी डोक्यावर नाचवत, ओरडत, वाकून पळत होता आणि मी त्याच्या मागून आरामात चालत होते. इतके महिने काळजी त्याने माझी केली, तेव्हा त्या दहा मिनिटांत मला जरा गार वाटलं.

टेकाडापलीकडे घरं होती. छपरं केव्हाच गेलेली, भिंती मात्र पक्क्या. जेसी आम्हाला शेवटच्या घराशी घेऊन गेली. समोर गवताचा उतार आणि त्यापुढे कडा. "हे आईचं," ती म्हणाली. दाराला दार नव्हतं, पण खाली झिजून मधे खोलगट झालेला दगडी उंबरा होता. किती पावलं त्यावरून गेली असतील. मी खाली बसले, बूट काढले, बाहेर जोडीने ठेवले आणि आत पाय टाकला. हे मी मुद्दाम केलं नाही. हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले.

"आई, काय करते आहेस? छप्परपण नाही आहे!" निखिल ओरडला.

"उंबरा आहे," मी म्हटलं.

आत खाजखुजलीसारख्या झोंबणाऱ्या झाडांचं रान माजलं होतं, भिंतीत चुलीचा कोनाडा होता, आणि कोनाड्यापाशी, वाऱ्याच्या आडोशाला, एक मेंढी आपल्या कोकराला घेऊन बसली होती. मी तिला पाहिलं आणि तिने मला. ती जी उठली ती माझ्या शेजारून दारातून बाहेर, मागे कोकरू, आणि जाता जाता त्या दोघांच्या खुरांत माझा डावा बूट सापडला. तो आधी आडवा झाला, मग गवतावरून घरंगळायला लागला. निखिल मागे धावला. बूट कड्याच्या तोंडाशी क्षणभर अडखळला, अगदी विचार केल्यासारखा, आणि गेला.

जेसी हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "आईच्या घरात कोंबड्या फिरायच्या हो. या उंबऱ्यावर बूट काढणारी तुम्ही पहिलीच." मलाही हसू फुटलं. दोघी म्हाताऱ्या खिदळत होतो आणि निखिल कड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभा होता.

तेवढ्यात खालून इयनची शिट्टी आली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. जेसीचं हसू गेलं. पाणी वाढतंय, लगेच निघायला हवं, ती म्हणाली.

निखिल माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. "चल, मी तुला उचलतो. प्लीज. आता अर्ग्युमेंट नको."

"हात लावून बघ."

"मग माझी बूट घाल!"

त्याच्या एका बुटात माझे दोन्ही पाय मावले असते. आणि एकाच पायात बूट घालून चालायचं, तर एक टाच वर, एक खाली, नवा खुबा प्रत्येक पावलाला पिळणार. हे तर मी आयुष्यभर लोकांना सांगत आले होते. मी मोजेही काढले, कारण ओल्या दगडावर लोकर सटकते. उरलेला बूट पिशवीला बांधला आणि अनवाणी चालायला लागले.

कऱ्हाडला पोरवयात नदीवर अनवाणीच जायचो. ते पाय आता नव्हते. गवत बर्फासारखं गार होतं, मधे मेंढ्यांच्या लेंड्या, मधे टोचणारं खुरटं झुडूप. जेसी माझ्या पुढे चालत होती आणि कुठे मऊ आहे तिथे पाय ठेवून दाखवत होती. निखिल मागे. मला भीती वाटत होती. फेब्रुवारीतली ती पायरी, गालाला लागलेला तो गार दगड, हाक मारून कोरडा पडलेला घसा, सगळं पावलापावलाला आठवत होतं. आणि तरी मी चालत होते, आणि त्या चालण्यात मला इतका आनंद होत होता, की कुणाला सांगितलं असतं तर त्याने मला वेडी म्हटलं असतं.

खडकातल्या पायऱ्या आता ओल्या झाल्या होत्या. मी सरळ खाली बसले आणि पोरं जिना उतरतात तशी बसून एकेक पायरी उतरले. शेवटच्या पायरीवर उभं राहावंच लागतं, कारण तिथून बोटीत पाय टाकायचा असतो. ती पायरी शेवाळाने हिरवी होती. मी उभी राहिले, साखळी धरली, बोट वर आली, मी पाय उचलला आणि खालचा पाय गेला.

मी डाव्या कुशीवर पडले. तोंडातून "आई गं" निघालं. इयनने पुढून माझ्या जाकिटाची कॉलर पकडली, निखिलने मागून दंड, आणि दोघांनी मिळून मला धान्याच्या पोत्यासारखं बोटीत ओढून घेतलं. बोटीच्या तळाशी पडल्या पडल्या मी पायाची बोटं हलवली, गुडघा वाकवला, दोन्ही पायांची लांबी बघितली. खुबा जागेवर होता. तळपायाला मात्र खडकाने कापलं होतं.



धक्का

धक्क्यावर मी इयनचा हात धरून उतरले. या वेळी वाद घातला नाही. जेसी गरम पाणी करायला पुढे घरी गेली, इयन बोटीचे दोर गुंडाळत राहिला. निखिल माझ्यासमोर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, आता बोलूया?"

"बोल."

"तू पडलीस."

"पडले."

"आम्ही तुला ओढून घेतला."

"घेतलंत. नसतं घेतलं तर मी पाण्यात असते. मी पैज हरले."

मी इतक्या सहज कबूल करेन असं त्याला वाटलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "तर मग सप्टेंबर..."

"नाही. मी केंब्रिजला येणार नाही."

"दॅट्स नॉट फेअर! अट तू घातली होतीस."

"मीच घातली होती. रागाच्या भरात घातली आणि ती चूक होती. घर माझं आहे, ते मी पणाला लावायलाच नको होतं. परीक्षा द्यायला मी तयार झाले, इथेच माझं चुकलं. जिंकले असते तर हेच म्हणायला सोपं गेलं असतं. हरले आहे, तरी म्हणते."

त्याचे डोळे भरले. माझा मुलगा लहानपणीसुद्धा फारसा रडायचा नाही. "फेब्रुवारीत तू सकाळपासून तिथे पडली होतीस," तो म्हणाला. "मी तेव्हा मीटिंगमध्ये कॉफी पीत होतो. मला रोज ते दिसतं. फोन वाजली की आधी तुझी नंबर आहे का बघतो. मला भीती वाटतो, आई."

एरवी मी त्याचं मराठी तिथल्या तिथे सुधारते. त्या वेळी मी त्याचा हात धरला. "मलाही वाटते. मग आपण भीतीचं बघू. गळ्यात घालायचं ते बटण आणून दे, दाबलं की माणसं येतात ते. इतके दिवस नको म्हणत होते, आता घालेन. मागच्या पायरीला कठडा बसव. रोज सकाळी फोन कर, मी उचलला नाही तर शेजारणीला पाठव. हे सगळं करेन. घर सोडणार नाही. परत पडले तरी सोडणार नाही."

"आणि तिथे एकटी असताना तुला काही झालं तर?"

"तर माझ्या घरात होईल."

"आई!"

"निखिल, मी डॉक्टर आहे. माणसं कुठे कुठे मरतात ते मी जन्मभर पाहिलं आहे. माझ्या घरात मेले तर मला चालेल. तुला चालणार नाही, हे मला कळतं. पण त्यासाठी मी तुझ्या खालच्या खोलीत येऊन जगणार नाही."

इयनने दोर गुंडाळायचं थांबवून विचारलं, सगळं ठीक आहे ना, डॉक्टर? मी म्हटलं, अगदी ठीक. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, पण धक्क्याच्या टोकाशी माणूस आत उभा राहील एवढी टेलिफोनची लाल पेटी होती.

"फोन लाव," मी म्हटलं.

"कुणाला?"

"एजंटला."

"आत्ता? आई, आधी पाय बघू दे. रक्त येतंय."

"आधी फोन."

तो गेला. मी पेटीचं दार खांद्याने उघडं धरून बाहेर उभी राहिले. त्याने नाव सांगितलं, माझ्या घराचा पत्ता सांगितला, आणि म्हणाला की आम्हाला घर विकायचं नाही. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण त्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "या वर्षी नाही, असं सांगू का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"नो," तो फोनमध्ये म्हणाला. "नॉट अॅट ऑल." पण पलीकडचा माणूस चिवट असणार. बोलणं लांबत गेलं.

शेजारीच खेकडे धरायच्या टोपल्यांचा ढीग होता, बसायला छान. पाय बधिर झाले होते, खुबा ठणकत होता. मी बसले नाही. बसले असते, तर त्याने फोन ठेवून आधी माझे पाय पाहिले असते.